सांगलीत पियानो ट्रिओ रेकॉर्ड केला: विश्रामबागच्या या स्टुडिओतले तीन दिवस

पहिल्या दिवशी सकाळी दहाला आम्ही पोचलो आणि साडेबारापर्यंत एक सूरसुद्धा रेकॉर्ड झाला नाही, आणि तरी मी या स्टुडिओला पाचपैकी पाच देतेय, किंबहुना त्या अडीच तासांमुळंच देतेय. झालं काय की साउंडचेकला मी चेलोची (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य) जीची तार मोकळी वाजवली, लांब, हळू, आणि आतनं टॉकबॅकवर, म्हणजे आमच्याशी बोलायच्या माइकवर, इंजिनिअर दादांचा आवाज आला, "ताई, सूर थरथरतोय का तुमचा?" मला वाटलं बो, म्हणजे गज, नीट चालत नाहीये, परत वाजवली, परत तेच. मग ते बाहेर आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले आता कुणी काही वाजवू नका. आम्ही गप्प. मिनिटभरानं ते सरळ पॅसेजमध्ये गेले आणि तिथली जुनी चोकवाली ट्यूबलाइट बंद केली. परत आत येऊन पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवलं: लाइट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनं, चोक त्याच्या दुपटीनं गुणगुणतो म्हणजे १००, आणि माझी जीची तार ९८. फरक दोनाचा, म्हणून सेकंदाला बरोबर दोन हेलकावे. मी इतकी वर्षं चेलो वाजवतेय पण माझ्या तारेचं ट्यूबलाइटशी भांडण लागू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लाइट बंद केल्यावर पण थोडं राहिलंच होतं. ते जिन्याखालच्या इन्व्हर्टरचं निघालं, त्याची गुणगुण जमिनीतनं आत येत होती. पॅन्ट्रीतला फ्रीज बंद केला, इन्व्हर्टर उचलून खाली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, तिन्ही वेळा आत जाऊन हेडफोनवर ऐकलं, आणि मग म्हणाले, "आता वाजवा की." हे सगळं होईपर्यंतचा वेळ त्यांनी बिलात धरला नाही हेही इथंच लिहिते.

आम्ही कोण ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचा पियानो ट्रिओ आहे. पियानो ट्रिओ म्हणजे तीन पियानो नव्हेत, हे मला सांगलीत दर आठवड्याला एकदा तरी सांगावं लागतं. एक पियानो, एक व्हायोलिन, एक चेलो. पियानोवाली मैत्रीण मिरजेची, लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आलेली, व्हायोलिनवाला पोरगा सांगलीचाच, आणि मी. हायडन-बेथोव्हेनचं आम्ही वाजवतोच, पण हा प्रकार काही दोनशे वर्षांपूर्वी थांबलेला नाहीये, जपानच्या ताकेमित्सूनं १९९३ मध्ये या तीन वाद्यांसाठी लिहिलं, फिनलंडच्या काइया सारियाहो बाईंनी २०१४ मध्ये लिहिलं, आणि आमच्यासाठी एका मूळच्या मिरजेच्या, आता मुंबईत राहणाऱ्या कंपोझर सरांनी अठरा मिनिटांची, तीन भागांची नवीन रचना लिहिली. म्हणजे आधी कुणी वाजवलेली नाही, ऐकून शिकायला कुठं रेकॉर्डिंग नाही, आमचं रेकॉर्डिंग तेच पहिलं असणार. हे वाचायला भारी वाटतं पण त्याची भीती पण तेवढीच असते, कारण आपण जे चुकू तेच पुढच्या माणसाला खरं वाटणार.

याआधी एकदा आम्ही दुसऱ्या एका मोठ्या शहरात प्रयत्न केला होता. स्टुडिओ चकाचक, नाव मोठं, ते नाव इथं घेत नाही. तिथं आम्हाला तिघांना तीन वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत बसवलं, कानाला हेडफोन, हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे ठेका धरणारी टिकटिक, आणि म्हणाले प्रत्येकाचा ट्रॅक स्वच्छ मिळायला पाहिजे, बाकी आम्ही मिक्समध्ये बघू. फिल्मच्या गाण्याला ते बरोबर असेल, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वाजवणाऱ्यांच्या अशा संगीतात, क्लिक नसतोच, तिथं माझा बो उचलला जातो ते पियानोवाली बघते आणि ती श्वास घेते ते मी ऐकते आणि त्या श्वासावर तिघं एकदम पडतो. ते काचेतनं होत नाही. दुपारपर्यंत आम्ही तिघंही रडकुंडीला आलो होतो, पैसे भरले आणि निघालो, आणि ते रेकॉर्डिंग आम्ही कुणालाच ऐकवलेलं नाही.

म्हणून इथं फोन केला तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला की तिघांना एकाच खोलीत, क्लिकशिवाय, सलग टेक घेऊ द्याल का. पलीकडनं दादा म्हणाले, "मग दुसरं कसं घेणार?" मी तिथंच तारखा पक्क्या केल्या.

खोलीबद्दल. स्टुडिओ विश्रामबागेत आतल्या बाजूला, तळमजल्यावर, बाहेरनं बघितलं तर साधं घर वाटतं. एरवी इथं भावगीतं, भजनी मंडळं, गणपतीची गाणी, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक असं सगळं होतं. मोठी खोली साधारण तीस बाय वीस फुटांची, छत चांगलं उंच, खाली लाकडी फ्लोअरिंग आणि त्याच्यावर गालिचा. आमच्यासाठी त्यांनी गालिचा अर्धा गुंडाळून ठेवला, कारण भजनाला खोली कोरडी लागते आणि आम्हाला थोडा नाद हवा असतो. तरी खोली कोरडीच आहे, ते खोटं सांगणार नाही, चेंबर म्युझिकच्या चांगल्या हॉलमध्ये सूर थांबल्यावर दीडेक सेकंद तरंगत राहतो, इथं टाळी वाजवली की लगेच संपते. हा एकच खरा तोटा, त्याच्यावर पुढं बोलते.

पियानो यामाहा सी३, सेकंडहँड, मालकांनी मुंबईतनं आणलाय. १८६ सेंटीमीटरचा ग्रँड. सांगलीत ग्रँड पियानो भाड्यानं वाजवायला मिळतो हीच बातमी आहे, पण माझं म्हणणं असं की पियानो असणं एक आणि पियानो सांभाळणं दुसरं. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात आणि त्यांचा सगळा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, तो ताण लोखंडी चौकट पेलते, पण तारांचा दाब एका लाकडाच्या पट्टावर येतो आणि ते लाकूड हवेतलं पाणी पीत असतं. पावसाळ्यात पट्ट फुगतो, सूर चढतो, उन्हाळ्यात उतरतो. आपल्या हवेत तो एकदा लावला आणि वर्षभर विसरला असं होतच नाही. इथं पियानोशेजारच्या भिंतीवर आर्द्रता दाखवणारा छोटा काटा लावलाय आणि शेजारी वही, वहीत रोजचे आकडे, पेननं लिहिलेले, एकही दिवस न चुकता. ती वही बघितल्यावर मला पुढचं काही विचारायचं राहिलं नाही.

ट्यूनर काका बाहेरगावचे, आदल्या रात्री येऊन पियानो लावून ठेवला होता आणि तिन्ही दिवस थांबले. रोज सकाळी एकदा आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा हात फिरवायचे. आम्ही तारा लावायला बसलो की ते शेजारी उभे. ट्रिओमध्ये हा फार नाजूक विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही तारवाद्यवाले ए हा सूर घेतो आणि तिथनं खाली पंचम-पंचम करत शुद्ध लावत जातो, कानाला अगदी स्थिर लागतो तो पंचम. पण पियानोचा पंचम शुद्ध नसतो, किंचित आत असतो, सेमीटोनचे, म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे, शंभर भाग केले तर दोन भागांनी. दोन म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण चेलोला ए पासनं सी पर्यंत तीन पंचम उतरायचे, तीन वेळा तो फरक साठतो आणि माझी खालची सीची तार पियानोच्या सीपेक्षा जवळजवळ सहा भाग उतरलेली निघते. एकटी वाजवते तेव्हा ते गोडच लागतं. पियानोनं तोच सी धरला की मात्र घाण वाजतं. म्हणून ट्रिओत चारही तारा पियानोवरनं एकेक करून घ्यायच्या. काकांनी हे मला न सांगता केलं, मी ए लावून डी कडे वळले तर त्यांनी आधीच पियानोचा डी दाबून धरलेला होता.

आता सरांच्या रचनेतली मुख्य गोष्ट. दुसरा भाग सगळा तंबोऱ्यावर उभा आहे. तंबोरा प्रत्यक्षात वाजत नाही, पण पियानोचा डावा हात खाली सा-प धरून बसतो, वर आम्ही दोघं फ्लॅजोलेट वाजवतो, म्हणजे तार पूर्ण न दाबता नुसता बोटाचा स्पर्श, की तारेतला आतला वरचा सूर बाहेर येतो. मिरजेच्या माणसानं तंबोऱ्यावर लिहिलं यात नवल नाही. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची गल्लीच आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी तिथं दर्ग्यात आहे, १९३७ साली गेले तरी दरवर्षी त्यांच्या नावानं मैफली होतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांना फोन केले होते.

तर एकसष्टाव्या बारमध्ये (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातला ठरावीक मात्रांचा एक खण) मी सीच्या तारेवर पाचवा आतला सूर धरते, तो गंधार, तंबोऱ्यात जो कुणी न छेडता आपोआप ऐकू येतो तोच स्वयंभू गंधार. आणि चार बारनंतर पियानो तोच गंधार वाजवतो. कागदावर एकच सूर, कॉम्प्युटरच्या प्लेबॅकमध्येही एकच. खोलीत वाजवला आणि सगळे थबकलो. माझा गंधार साधारण ३२७ हर्ट्झ, पियानोचा ३२९.६. सेकंदाला अडीचच्या वर हेलकावे, वॉंव वॉंव वॉंव असा आवाज. पियानोवाली म्हणाली मी चुकीची पट्टी दाबली का. सर आतनं बाहेर आले, चेहरा पडलेला, म्हणाले पियानोचा तो सूर काढून टाकू. ट्यूनर काका म्हणाले तेवढा एकच सूर उतरवून देता येईल, पण मग तो इतर तीन ठिकाणी बेसूर लागेल.

इथं स्टुडिओचा मोठेपणा सांगायचाय. दुसरीकडं असतो तर घड्याळाकडं बोट दाखवलं असतं. दादा म्हणाले आज तो भाग राहू दे, पहिला भाग घेऊया, आणि उद्या मी मिरजेतनं चाचांना बोलवतो. चाचा म्हणजे तंबोरे घडवणारे, दादांच्या घरचा तंबोरा त्यांच्याच हातचा.

दुसऱ्या दिवशी चाचा तंबोरा घेऊनच आले. खाली सतरंजीवर बसले, जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याला झणझणीत नाद देणारा, दोरा घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर) केसाएवढा इकडं, केसाएवढा तिकडं करत राहिले आणि एका क्षणी तंबोरा असा काही उघडला की व्हायोलिनवाल्या पोराच्या तोंडातनं 'अरे' निघालं. मग म्हणाले आता तुमचं वाजवा. आम्ही वाजवलं. मी गंधार धरला, पियानोनं धरला, हेलकावे सुरू. चाचा म्हणाले, "पेटीचं पण असंच असतंय. ह्यो गंधार चढाय." आम्ही थांबलो तर त्यांनी हात वर केला, "थांबताय कशाला, त्याला मरू द्या की." परत वाजवलं. यावेळी पियानोचा सूर एकदाच मारला आणि पट्टी दाबूनच ठेवली, मी बो ओढत राहिले. पियानोचा आवाज मारल्या क्षणापासनं विझत जातो, चेलोचा मी ओढीन तोवर राहतो. म्हणजे हेलकावे आधी जोरात, मग बारीक, मग अगदी धूसर, आणि नऊ-दहा सेकंदांनी पियानो संपला आणि एकटा गंधार उरला, निवांत, अजिबात न हलणारा. त्यावेळी खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

सरांनी तिथंच पेन्सिल घेतली आणि स्कोअरवर, म्हणजे रचनेच्या लिहिलेल्या प्रतीवर, त्या सूरावर थांबा घातला, पुढचे दोन बार खोडले. म्हणजे आज त्या रचनेत जी सगळ्यात सुंदर जागा आहे ती लिहिताना नव्हती, ती या खोलीत झाली. कंपोझरबरोबर बसून काम करायचं ते ह्यासाठी. हायडनबरोबर हे करता येणार नाही.

आणखी एक प्रयोग झाला, तो फसला पण तोही सांगते. सरांना पियानोच्या खर्जाला जवारीसारखी झणझण हवी होती आणि त्यांच्या डोक्यात तंबोऱ्यासारखा दोरा तारांखाली घालायचं होतं. चाचांनी वाकून पियानोत बघितलं आणि लगेच मान हलवली. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, वरनं किंचित उतरती, तार तिच्यावर नुसती घासत असते आणि दोरा त्या घासण्याला वाट करून देतो. पियानोची तार घोडीवर दोन खिळ्यांच्या मधे आवळून बसवलेली, तिला घासायला जागाच नाही. मग कागदाची लांब पट्टी तारांवर नुसती ठेवली, तर ती झणझण आली. हुबेहूब जवारी नाही, पण तिची सख्खी बहीण म्हणता येईल. आता हे करायला किती ठिकाणी देतात सांगा. पियानोचं झाकण उघडलं आणि आत हात घातला की बहुतेक ठिकाणी मालक धावत येतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, हाताचा घाम तांब्याच्या तारेला लागला की ती काळी पडते, सूर मरतो. इथं मालकांनी तीन अटी घातल्या: धातू आत जाणार नाही, तारांना उघडा हात लागणार नाही, आणि ट्यूनर काका समोर असल्याशिवाय काही ठेवायचं नाही. सुती हातमोजे त्यांनीच दिले. एवढ्या साध्या अटी, पण आधी सांगितलेल्या आणि शेवटपर्यंत पाळलेल्या.

माइकचं. मुख्य जोडी आमच्यापासनं दोनेक मीटरवर, दोन माइक १७ सेंटीमीटरच्या अंतरानं, ११० अंशांत उघडलेले, म्हणजे साधारण माणसाचे दोन कान जसे ऐकतात तसं. शिवाय प्रत्येकाजवळ एकेक, पण ते फक्त लागलंच तर मीठासारखं वापरायला, हे दादांचे शब्द. पियानोचं झाकण पूर्ण उघडं ठेवलं. बरेच जण पियानो जड होतो म्हणून झाकण खाली घेतात, त्यानं आवाज फारसा कमी होत नाही, नुसता कोंदट होतो. दादांनी त्याऐवजी आम्हा दोघांना हलवलं, मला दीड फूट पुढं, पोराला थोडं बाहेर. बॅलन्स तपासायला मी सुचवलं की रशियन कंपोझर शोस्टाकोविचच्या दुसऱ्या ट्रिओची, १९४४ च्या, सुरुवात वाजवून बघू, कारण तिथं चेलो सगळ्यात उंच, फ्लॅजोलेटवर एकटाच सुरू होतो, व्हायोलिन त्याच्या खाली येतं आणि पियानो सगळ्यात तळाशी. सगळं उलटं. हे तिन्ही थर वेगळे ऐकू आले की सेटिंग बरोबर. जाता जाता, ह्या ट्रिओचं शोस्टाकोविचनं स्वतः पियानोवर बसून, व्हायोलिनवादक ओइस्त्राख आणि चेलोवादक सादलो यांच्याबरोबर केलेलं रेकॉर्डिंग आहे, कंपोझर हजर असतो म्हणजे काय ते त्यात ऐकू येतं, सुबकपणापेक्षा घाई आणि टोक जास्त.

आणि पाट! चेलोचा खालचा खिळा लाकडी फ्लोअरिंगवर घसरत होता, माझा रबरी स्टॉपर घरी राहिला होता. मालकांच्या आईंनी आतनं जेवायचा जुना सागवानी पाट आणून दिला. त्याच्यावर खिळा टेकवला तर घसरणं थांबलंच, शिवाय खालचे सूर भरायला लागले, पाट स्वतःच थोडा बोलत होता. दादांनी आतनं विचारलं काय बदललं, चेलो मोठा झाला. तो पाट तिन्ही दिवस राहिला.

कंपोझर समोर बसलेला असताना रेकॉर्डिंग करणं सोपं नसतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीय. त्यांच्या कानात एक आवाज वर्षभर वाजत असतो आणि आपण वाजवतो तो दुसरा. दर दोन बारनंतर थांबवलं तर वाजवणाऱ्याचा दम निघून जातो. दादांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला आणि सरांनी तो मानला: टॉकबॅकचं बटण फक्त दादांच्या हातात, टेक चालू असताना कुणी बोलायचं नाही, टेक संपला की सर आधी स्कोअर घेऊन पूर्ण ऐकणार, पेन्सिलनं खुणा करणार, मगच बोलणार. त्यामुळं काय झालं की वाजवतानाचे निम्मे आक्षेप ऐकताना आपोआप गळून पडले. पहिल्या भागाचा टेम्पो सरांनी ७२, म्हणजे मिनिटाला ७२ ठोके, लिहिला होता, आम्ही नकळत ६६ च्या आसपास वाजवत होतो, पहिल्या टेकनंतर सर बाहेर आले ते चिडलेले असणार असं मला वाटलं, पण त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "कॉम्प्युटरला सूर विझायची वाट बघावी लागत नाही, तुम्हाला लागते. ६६ बरोबर आहे." पार्टवर तसं बदलून दिलं. तिसऱ्या भागात उलट झालं, तिथं आम्ही आरामात वाजवत होतो आणि त्यांनी अजिबात सोडलं नाही, सात टेक घ्यायला लावले, सातव्याला माझं बोट सोललं आणि तोच टेक फायनलला गेलाय.

दादा प्रत्येक टेकचा नंबर, बार नंबर आणि एका शब्दात शेरा लिहून ठेवायचे, 'श्वास', 'खुर्ची', 'छान', 'ट्रॅक्टर'.

ट्रॅक्टरबद्दल लिहायलाच पाहिजे. आम्ही जानेवारीत गेलो, हवा कोरडी आणि पियानोला चांगली म्हणून. पण जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. संध्याकाळ झाली की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतात, त्यांच्यावर स्पीकर, गाणी एवढ्या जोरात की छातीत वाजतं. स्टुडिओची भिंत बोलण्याचा आवाज अडवते, पण ते खालचे ठोके ती अडवत नाही. दुसऱ्या भागाचा एक जवळजवळ पूर्ण झालेला टेक, गंधार विझत आलेला, आणि लांबनं धक् धक् धक्. मी बो खाली ठेवला आणि मला खरंच रडू आलं. त्या लोकांवर राग नाही, बिचारे रात्र रात्र जागतात, गाणं नसेल तर डोळा लागेल. दादांनी मग वेळापत्रकच उलटं केलं, तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बोलावलं, चहा तयार, आणि सात ते नऊमध्ये दुसरा भाग पूर्ण झाला. कावळे सुरू व्हायच्या आधीचा एक टेक आहे, त्यात शेवटची शांतता अख्खी सापडलीय.

त्याच दिवशी संध्याकाळी मालकांनी त्याच खोलीत चाळीसेक लोक बोलावले. गालिचा परत अंथरला, लोक खाली बसले, सरांनी पाच मिनिटं बोलून रचना समजावली आणि आम्ही अठरा मिनिटं सलग वाजवलं. हे बिलात नव्हतं, त्यांची कल्पना. बहुतेकांनी चेलो पहिल्यांदा जवळनं बघितला होता. त्या थांब्यावर मी मुद्दाम डोळे उघडे ठेवले, समोर एक आजोबा बसले होते, त्यांनी हेलकावे सुरू झाल्यावर कपाळाला आठी घातली आणि जसजसा पियानो विझत गेला तसतशी ती आठी सुटत गेली, मी अगदी तीच बघत बो ओढत होते. नंतर चहा आणि भडंग. चाचा दाराशी उभे राहून एवढंच म्हणाले, "कमी बोलतंय तुमचं वाद्य, पण खरं बोलतंय."

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

एडिट दोन आठवड्यांत देतो म्हणाले होते, पाच आठवडे लागले. गणित समजतं, एकटा माणूस आहे, मधे लग्नसराईची कामं आली, पण दर वेळी मीच फोन करायचा हे बरोबर नाही, एक मेसेज टाकला असता तरी चाललं असतं. खोली कोरडी असल्यामुळं मिक्समध्ये बाहेरनं नाद घालावा लागला, पहिल्या मिक्समध्ये तो जास्त झाला होता, चेलो एखाद्या विहिरीत वाजतोय असं वाटत होतं. मी आणि सर दोघांनी सांगितल्यावर कमी केला आणि आता मला तो योग्य वाटतो, पियानोवालीला अजूनही थोडा जास्त वाटतो. पार्किंगला जागा नाही, चेलो घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत यावं लागतं. आणि पियानोचं स्टूल करकरतं, तिसऱ्या भागात दोन ठिकाणी ते ऐकू येतं, ते आधीच बदलायला हवं होतं, कारण पियानोवाला नेमका जोरात वाजवतानाच हलतो.

फाइली २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये दिल्या, सगळे टेक, न वापरलेलेसुद्धा, हार्डडिस्कवर घालून, वर त्या शेऱ्यांच्या वहीचे फोटो. हे न मागता दिलं.

पैसे: दिवसाला १२,००० रुपये घेतले, इंजिनिअर धरून. ट्यूनिंगचं वेगळं, काकांचं येणं-जाणं आणि राहणं आपण बघायचं. एडिट-मिक्सचं एकरकमी ठरवलं. तासावर नाही, दिवसावर घेतात, हे नवीन रचना करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण तासावर पैसे चालू असते तर त्या गंधारासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी थांबलं नसतं. पियानोवालीनं तर सरळ सांगितलंय की तो सूर खोडून आम्ही पुढं गेलो असतो.

जायचं असेल तर फोन करून आधी एकदा नुसतं बघून या, वाद्य घेऊन जा आणि पंधरा मिनिटं वाजवा, ते नाही म्हणत नाहीत. कारखाने चालू असतील तर सकाळचाच वेळ मागा. पियानो हवा असेल तर ट्यूनर काकांच्या तारखा आधी आणि स्टुडिओच्या नंतर ठरवा, उलटं करू नका. जेवणाला समोरच्या मेसमधनं डबा येतो, ज्वारीची भाकरी सांगितली तर करून देतात. आणि चेलोवाले असाल तर मालकांच्या आईंना पाट मागा, त्या हसून देतात.